मंडळाचं झाकण

थोरलीचं शीतघर धाकटीला हवं होतं, आणि ही गोष्ट दोघींपैकी कुणीही कधी लपवून ठेवली नव्हती.

संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला, जाड दाराची ती लांबट खोली होती. आत बारा महिने कडाक्याची थंडी. फळ्यांवर काचेच्या उभ्या नळ्या, त्यांतून गाळून शुद्ध होत थेंबाथेंबानं खाली उतरणारी प्रथिनं, आणि भिंतींत मुरलेला एक वास, मिठाच्या पाण्याचा आणि ओल्या लोखंडाचा. थोरलीनं आयुष्यातला मोठा काळ त्या खोलीत उभं राहून काढला होता. धाकटीला तिथं आपलं दुसरं सूक्ष्मदर्शक बसवायचं होतं. येता-जाता ती त्या दाराकडे अशी बघायची, की जणू सामान सगळं हलवून झालंय आणि बाई तेवढी हलवायची राहिलीय.

दोघी सख्ख्या जावा. एकाच घरात राहायच्या, थोरली खाली आणि धाकटी वर. नवरे मिळून एक छापखाना चालवायचे, आणि त्या भावांचं इतकं जमायचं की एकाला शिंक आली तर दुसरा रुमाल काढायचा. बायकांचं बोलणं मात्र पाण्याची टाकी आणि जिन्यातला दिवा यांच्यापुढे जात नसे.

सुरुवातीला असं नव्हतं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हातात नुसती पदवी होती. थोरलीनंच तिला संस्थेत आणलं. नळ्या कशा भरायच्या, बर्फात हात घालूनही बोटं कशी शाबूत ठेवायची, प्रथिनं रुसली की त्यांना कसं चुचकारायचं, सगळं शिकवलं. रोज सकाळी दोघी एकाच छत्रीतून निघायच्या, डबा एकीनं करायचा आणि पिशवी दुसरीनं धरायची. लोक म्हणायचे, जावा असाव्यात तर अशा. मग एकदा भर सभेत धाकटी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनींच्या चित्रात झाकण दिसतं, कारण वहिनींना ते दिसायला हवंय." आदल्या संध्याकाळी दोघींनी शेजारी बसून भाजी निवडली होती. तेव्हा धाकटी यातला एक शब्द बोलली नव्हती. थोरलीला झाकणापेक्षा ती भाजी जास्त लागली.

आता हे झाकण काय, ते सांगायला हवं.

आपल्या अंगातल्या बहुतेक सगळ्या पेशींत जनुकांचा तोच अख्खा धागा असतो. तरी डोळ्याची पेशी यकृताची कामं करायला जात नाही, कारण कुठल्या जनुकाची नक्कल काढायची आणि कुठल्याची नाही, यावर पहारा असतो. नक्कल काढणारं एक यंत्र असतं, तेही प्रथिनांचंच. आणि त्या यंत्राला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारे प्रथिनांचे जुडगे असतात. असा एक जुडगा थोरलीनं आयुष्यभर अभ्यासला. त्याला जिभेला गाठ बसेल असं नाव होतं, पण संस्थेत सगळे त्याला ‘मंडळ’ म्हणायचे. पुष्कळ जण एकत्र बसतात आणि काम अडवून ठेवतात, म्हणून.

मंडळाच्या मध्यात एक खाच होती आणि जनुकाचा धागा त्या खाचेत बसायचा, इथवर दोघींचं एकमत होतं. थोरली म्हणायची, खाचेवर झाकण आहे. ते मिटलं की नक्कल बंद, उघडलं की चालू. धाकटी म्हणायची, झाकणबिकण काही नाही. या एका वाक्यावर दोघींचे केस पांढरे झाले.

थोरलीनं ते झाकण पाहिलं तेव्हा काळच वेगळा होता. मंडळाचे कण, म्हणजे एकेक सुटं मंडळ, एका बारीक जाळीवर पसरायचे, वर जड धातूच्या क्षाराचा एक थेंब टाकायचा आणि तो वाळू द्यायचा. वाळला की प्रत्येक कणाभोवती गडद रेघ उमटायची, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी. मग काचेच्या पट्ट्यांवर फोटो. ते अंधाऱ्या खोलीत धुवायचे. तिथल्या तांबड्या दिव्यात सगळ्यांची तोंडं सारखीच दिसायची, आणि द्रावणाचा आंबूस वास केसांतून दोन-दोन दिवस जायचा नाही. कुणी तिथं गुणगुणायचं, कुणी घरची भांडणं सांगायचं, पट्टीवर चित्र उमटायला लागलं की सगळे एकदम गप्प. मग भिंगाखाली एकेक कण निवडायचा, मोजमाप काढायचं, आणि शेवटी थर्माकोलचे पातळ थर ब्लेडनं कापून, एकावर एक चिकटवून मंडळ उभं करायचं. थोरलीनं तो शेवटचा थर बसवला तेव्हा खाचेवर झाकण होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या वाजवणारे हात आता एकेक करून निवृत्त झाले होते, काही तर जगातूनच उठून गेले होते.

आता थोरलीचीही पाळी आली होती. संचालकांनी दोघींना खोलीत बोलावून सरळ सांगितलं होतं. "बाई, धाकट्या मॅडम नव्या सूक्ष्मदर्शकानं मंडळ बघतायत. झाकण सापडलं तर तुमचं काम पुढे चालू राहणं संस्थेला भाग आहे. पाच वर्षांची मुदतवाढ, शीतघर, तुमची माणसं, सगळं तुमच्याकडे. नाही सापडलं तर जागा त्यांना."

"आणि बघणार कोण? हीच?" थोरलीनं विचारलं.

"संस्थेत दुसरं कुणाला येतं ते यंत्र चालवता?"

"म्हणजे माझ्या गळ्याचं माप घ्यायला फाशीवाल्यालाच पाठवताय."

"वहिनी, माप तर घ्यायलाच हवं," धाकटी म्हणाली. "सैल पडायला नको."

नव्या पद्धतीत क्षार नव्हता आणि वाळवणंही नव्हतं. कण पाण्यात असतानाच क्षणात गोठवायचे. बर्फ काचेसारखा पारदर्शक होतो आणि कण त्यात जसेच्या तसे अडकून राहतात. त्यांचे फोटो काढायचे. फोटो म्हणजे नुसता करडा भुगा, कण कुठला आणि बर्फ कुठला ते डोळ्यांना कळतच नाही. त्या भुग्यातून संगणकानं लाखो कण वेचायचे आणि एकमेकांवर बसवायचे, की हळूहळू आकार वर येतो. हे वेचण्याचं काम धाकटीकडे एक चाळिशी उलटलेला गृहस्थ करायचा. त्याला संस्थेत ‘चाळणीवाला’ म्हणत. दिवसभर बिस्किटं खायची आणि कण चाळायचे, याखेरीज त्याला दुसरा छंद नव्हता.

महिने गेले. एका सकाळी सभा बोलावली गेली. थोरली मुद्दाम मागच्या रांगेत बसली. 

धाकटीनं पडद्यावर मंडळ आणलं. निळसर, फिरतं, सुंदर. खाच दिसत होती. आणि खाचेवर, थोरलीनं थर्माकोलमध्ये कापलं होतं तिथंच, झाकण होतं.

"झाकण आहे," धाकटी म्हणाली. कडू औषध गिळल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

"काय म्हणालीस?" मागच्या रांगेतून थोरली. "मागे ऐकू आलं नाही गं."

"झाकण आहे, म्हटलं."

"असं होय! मला वाटलं, ते मला दिसायला हवं म्हणून दिसत होतं. तुलाही दिसायला हवं होतं की काय?"

सभेत खसखस पिकली. संचालकांनी हात चोळले. "चला, घरातला वाद घरातच मिटला."

दोघींनी एकाच वेळी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते पुढचं वाक्य विसरून गेले.

संध्याकाळी घरी भावाभावांना कोण आनंद! थोरलीच्या नवऱ्यानं छापखाना लवकर बंद केला होता. "आता तरी बोलायला लागा दोघी," तो म्हणाला. "ती म्हणतेय झाकण आहे, तू म्हणतेस झाकण आहे. आता भांडायला उरलं काय?"

"तुम्ही शाई लावा कागदाला," थोरली म्हणाली, पण हसत म्हणाली. बऱ्याच दिवसांनी हसली.

मग ती जिन्यात जाऊन उभी राहिली. तसं तिथं काही काम नव्हतं. धाकटी बाहेरून येईपर्यंत उभी राहिली आणि ती आल्याबरोबर दिवा लावला.

"नीट बघून चढ हो. पायरी चुकायला नको. आज आधीच एकदा चुकलीयेस."

धाकटी थांबली. पिशवी खाली ठेवली. "वहिनी, खूश आहात ना? व्हा. पाच वर्षं मिळाली, चालवा नळ्या. पण एक सांगून ठेवते. तुमचं चित्र हा अंदाज होता. माझं चित्र हा पुरावा आहे. यापुढे जगात कुठंही झाकणाचा विषय निघाला की नाव माझं निघेल. तुमचं निघालंच तर ‘पूर्वी कुणीतरी असं म्हटलं होतं’ एवढ्यापुरतं."

"झाकण माझं आहे!"

"होतं," धाकटी म्हणाली. पिशवी उचलून वर गेली आणि वरच्या बटणानं दिवा बंद केला. थोरली अंधारात उभी राहिली.

तिला त्या रात्री झोप लागली की नाही, ते राहू द्या. सकाळी ती उठली ती एकच गोष्ट मनात धरून: धाकटीच्या त्या चित्रात काहीतरी खोट असलीच पाहिजे. ते चित्र आपल्याच बाजूनं लागलंय, याचा तिला रागाच्या भरात पार विसर पडला होता.

धाकटी वर्गावर गेल्याचं बघून ती तिच्या संगणकाच्या खोलीत शिरली. चाळणीवाला बिस्किटाचा पुडा फोडत होता. गडबडीनं उठला.

"या बाई, या. अभिनंदन. बसा."

"बसायला नाही आले. मंडळ दाखव. जवळून."

त्यानं दाखवलं. थोरली कमरेत वाकून बघायला लागली. मंडळाचा मधला भाग इतका रेखीव होता की तिला हेवा वाटला. प्रथिनांचे पिळे स्क्रूच्या आट्यांसारखे मोजता येत होते. झाकण मात्र गुळगुळीत होतं, ओल्या मातीचा गोळा थापून बसवल्यासारखं.

"हे असं का?"

"झाकण हलतं ना बाई. हलत्या माणसाचा फोटो पुसटच यायचा. मॅडम म्हणाल्या, तसंच असणार."

हे पटण्यासारखं होतं. थोरलीला वाईट वाटलं, कारण खोट हातातून निसटत होती. "फिरव," ती म्हणाली. चाळणीवाल्यानं मंडळ फिरवलं. "आणखी. थांब. मागे घे. अरे मागे!"

झाकणाच्या मागच्या कडेला एक खळगा होता. कुणी अंगठा दाबल्यासारखा.

त्या खळग्याला थोरली मैत्रिणीसारखी ओळखत होती. पूर्वी क्षाराचा थेंब वाळायचा तेव्हा सगळ्यात शेवटी तो त्या कडेला साचून वाळायचा, आणि तिथं असा खळगा उमटायचा. तो प्रथिनाचा नव्हताच, वाळणाऱ्या क्षाराचा होता. त्या काळी तिनं ते ताडून पाहिलं होतं. दुसरा क्षार वापरला की खळगा दुसरीकडे सरकायचा. विद्यार्थ्यांना ती हसत सांगायची, ही आमच्या थेंबाची सही आहे, हिच्याकडे लक्ष देऊ नका.

पण नव्या पद्धतीत थेंब कुठला? बर्फात गोठवलेल्या मंडळाला क्षाराचा स्पर्शही झाला नव्हता. मग खळगा आला कुठून?

"का रे," ती अगदी हळू म्हणाली, "कण वेचताना संगणकाला नमुना कुठला दिलास?"

"तुमचाच की," चाळणीवाला म्हणाला. "तुमचा तो जुना आकार. मॅडमनीच सांगितलं."

"तिनं? माझा आकार?"

"हो. म्हणाल्या, वहिनींच्याच आकारानं शोध. उद्या कुणी म्हणायला नको की मी झाकण मुद्दाम टाळलं. त्यांच्या आकारानं शोधूनसुद्धा सापडलं नाही, म्हणजे तोंडच बंद होईल."

"आणि कण एकमेकांवर बसवताना?"

"तोच. त्याच्यावरच बसवले. का? काही चुकलं का बाई?"

थोरली आता मात्र बसली. चुकलं होतं, आणि असं चुकलं होतं की ज्याचं नाव ते. घरच्या माणसाची वाट बघत फाटकात उभं राहिलं, की लांबून येणारा प्रत्येक जण आपल्याच माणसासारखा चालतो. संगणकालाही तसंच होतं. त्याच्या हातात एक आकार दिला आणि करड्या भुग्यात शोध म्हटलं, की तो त्या आकारासारखे दिसणारे भुग्याचे तुकडेच वेचतो. लाखो तुकडे वेचून एकावर एक ठेवले की दिलेला आकारच परत मिळतो, अगदी खळग्यासकट. मंडळाचा मधला भाग खरा होता, कणांत खरोखरच होता, म्हणून रेखीव आला होता. झाकण मात्र थोरलीचंच होतं. तिनंच पूर्वी काढलेलं, नमुन्यातून आत गेलेलं आणि सरासरीतून बाहेर आलेलं. धाकटीनं जावेचं नाक कापायला जावेचाच चाकू घेतला होता, आणि तो तिच्याच बोटाला लागला होता.

पुढे लोकांनी थोरलीबद्दल सत्याची चाड वगैरे मोठे शब्द वापरले. खरं सांगायचं तर तिला आधी झाला तो निव्वळ आनंद. सापडली! इतकी वर्षं मला शिकवायला येणारी, शेवटी सापडली! ती उठली, पदर खोचला आणि संचालकांना सांगायला झपाझप निघाली. जिना अर्धा उतरल्यावर ती थांबली. धाकटीचं चित्र फाडलं की आपली मुदतवाढही त्याबरोबर फाटते, हे तिच्या तिथं लक्षात आलं.

ती शीतघरात जाऊन उभी राहिली. नळ्यांतून थेंब पडत होते. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? खळग्याची ओळख असणारं आता संस्थेत तिच्याशिवाय कुणी नव्हतं. धाकटी तर ते चित्र विज्ञानाच्या नियतकालिकाला छापायला पाठवायच्या तयारीत होती. पाच वर्षं हा वास, ही थंडी, ही माणसं. आणि पाच वर्षं जिन्यात भेटल्यावर धाकटीचं ते ‘होतं’. भिकेत मिळालेलं, वर खोटं झाकण.

दुसरंही एक होतं, आणि तेच जास्त खरं. थोरलीचा स्वतःच्या झाकणावर गाढ विश्वास होता. स्वच्छ हातानं शोधलं तरी ते सापडणारच. मग धाकटीही तोंडावर पडेल आणि झाकणही आपलं राहील. तिनं दार लोटलं आणि वर गेली.

धाकटी नुकतीच वर्गावरून आली होती. हाताला खडू लागलेला.

"नुसत्या बर्फाचे फोटो घे," थोरली दारातूनच म्हणाली. "मंडळ न घालता. रिकामं पाणी गोठव. आणि त्यातून माझ्या आकारानं कण वेच."

"कशाला?"

"झाकण सापडेल."

धाकटी हुशार होती. तिला दुसरं वाक्य लागलं नाही. चेहऱ्यावरचा रंग उतरला, आणि मग एकदम चढला. "तुम्ही माझ्या माघारी माझ्या खोलीत शिरलात?"

"शिरले."

"लाज नाही वाटत?"

"वाटेल, सवडीनं. आधी तू सांग, नमुना देऊन कण वेचायचे असतात, हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही शिकवलं."

"तुम्हाला काय येतं शिकवायला! थर्माकोल कापायला?" धाकटीनं डस्टर टेबलावर आपटलं. "अहो, निकाल तुमच्या बाजूनं लागलाय! शीतघर मिळालंय! वेड लागलंय का?"

"तुझ्या हातचं मला काही नको. झाकण तर नकोच नको."

"मी तुमच्यावर अन्याय नको म्हणून तुमचा आकार घेतला."

"माझ्यावर? माझं थडगं नीट बांधता यावं म्हणून घेतलास. निदान विटा तरी स्वतःच्या आणायच्यास!"

बाहेरच्या बोळात माणसं थांबून ऐकत होती. धाकटीनं जाऊन दार बंद केलं, आणि बंद दारामागे पुन्हा सुरुवात झाली. काय काय निघालं त्यात! सासूबाईंच्या आजारपणात कोण किती जागलं, कुणाच्या मुलाला कुणी आंघोळ घातली, आणि ती निवडलेली भाजीसुद्धा.

"माझी हिंमत झाली नव्हती तेव्हा सांगायची," धाकटी म्हणाली. "घरात तुमच्यासमोर बोलायची कुणाची हिंमत होती?"

"आणि सभेत झाली?"

"सभेत तुमच्या हातात विळी नव्हती."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर थोरली हसली असती.

रिकाम्या बर्फाचे फोटो घेतले गेले. चाळणीवाल्यानं थोरलीच्या आकारानं कण वेचले, जिथं एकही कण नव्हता तिथून. पडद्यावर हळूहळू मंडळाची खाच आली, खाचेवर झाकण आलं, झाकणावर खळगा आला. चाळणीवाल्याच्या तोंडात बिस्किट तसंच राहिलं. धाकटीनं पडदा बंद केला आणि छापायला निघालेलं चित्र परत मागवलं. थोरलीला ती ‘बरं झालं सांगितलंत’ म्हणाली नाही, आणि तशी अपेक्षाही कुणी केली नाही.

मग खरे फोटो पुन्हा चाळायला घेतले. या वेळी कुठलाही नमुना न देता. चाळणीवाल्याला डोळ्यांनी कण वेचायला बसवलं, संगणकाला काही म्हणजे काही आधी सांगितलं नाही. ते काम संपेपर्यंत थोरली रोज खिडकीतून डोकवायची आणि धाकटी रोज पडदा ओढून घ्यायची. घरी थोरलीचं जेवणात लक्ष नव्हतं. नवरा म्हणाला, "असेलच की गं झाकण, तू पाहिलंयस ना?" ती त्याच्यावर खेकसली, "तुम्हाला काय कळतंय!" आणि मग त्याच्याच ताटात जास्तीची पोळी वाढली.

शेवटी धाकटीनं स्वतः येऊन बोलावलं. "चला, मॅडम," म्हणाली. वहिनी नाही, मॅडम. थोरलीला तिथंच कळलं.

पडद्यावर मंडळ होतं. मधला भाग पूर्वीसारखाच रेखीव. खाच उघडी होती, तिच्यावर काही नव्हतं. आणि मंडळाच्या खालच्या अंगाला, पूर्वी कुणीच न पाहिलेलं एक लांब शेपूट बाहेर आलेलं होतं, आट्याआट्यांचं, स्पष्ट.

थोरलीनं चाळणीवाल्याला उठवलं आणि स्वतः बसली. सबंध दुपार तिनं मंडळ उलटं-पालटं केलं. वरून, खालून, आतून. झाकण कुठंतरी पुसट, निदान सावलीइतकं तरी. धाकटी भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी होती. जागची हलली नाही.

"शेपूट," थोरली शेवटी म्हणाली.  "आम्ही वाळवायचो. वाळताना मंडळ जाळीवर चपटं व्हायचं. तेव्हा हे शेपूट वर दुमडून खाचेवर पडत असणार. तेच मी..."

"तेच तुम्ही झाकण म्हणत होतात."

"मला कळतंय. तू सांगायला नको."

"सभेत मी सांगते," धाकटी म्हणाली.

"खबरदार. माझं झाकण आहे, मी सांगणार."

सभा भरली तेव्हा थोरली पुढे जाऊन उभी राहिली. तिनं चित्र दाखवलं, नमुन्याची चूक सांगितली, रिकाम्या बर्फातलं भुताटकीचं झाकणही दाखवलं. धाकटीच्या चुकीवर ती जरा जास्तच वेळ थांबली, हेही खरं. मग म्हणाली, "मंडळाला झाकण नाही. मी जे पाहिलं ते वाळून दुमडलेलं शेपूट होतं. इतकी वर्षं जे माझ्यामागून झाकण म्हणत आले, त्यांनी ते म्हणणं आता सोडावं."

 संचालक टाळ्या वाजवायला हात वर करत होते. जुन्यापैकी एक-दोघांनी डोळे पुसले. तेवढ्यात पहिल्या रांगेत धाकटीचा हात वर गेला.

"प्रश्न आहे."

"आता काय?" संचालक कळवळून म्हणाले.

"बाई म्हणतात, शेपूट वाळताना दुमडतं. कशावरून? हे कुणी पाहिलंय? एक झाकण गेलं म्हणून त्याच्या जागी लगेच दुसरी गोष्ट रचायची, हे मला मान्य नाही. पुरावा काय?"

 थोरलीच्या कपाळाची शीर उडायला लागली. हिनं मला धड हरूसुद्धा दिलं नाही! एवढी सगळी माणसं हळहळायला बसलेली, आणि ही बया...

"पुरावा नाही," ती दातओठ खात म्हणाली. "पण मिळेल. ताजं मंडळ काढायचं, त्याच क्षारात वाळवायचं, शेपूट कापलेलं मंडळ शेजारी ठेवायचं. शेपूट कापल्यावर झाकण दिसेनासं झालं, की झालं सिद्ध."

"आणि दिसलं तर?"

"तर तुला माझ्या तोंडानं सांगेन, की तूही चुकलीस आणि मीही."

"करा मग."

"कुठे करू? तुझ्या डोक्यावर? मंडळ काढायला शीतघर लागतं!"

संचालक छताकडे बघायला लागले. ठरल्याप्रमाणे शीतघर आता धाकटीचं झालं होतं. कागदावर सही व्हायची तेवढी बाकी होती.

"एक फळी देते," धाकटी म्हणाली. "दाराजवळची. यंत्र येईपर्यंत. आणि माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही."

"दाराजवळची? तिथं दार उघडलं की थंडी निघून जाते. प्रथिनं नासतील. आतली दे."

"आत माझी खोकी येणार आहेत."

"खोक्यांना थंडी कशाला लागते गं? खोकी ठेव दाराजवळ."

"दाराजवळची फळी, नाहीतर काहीच नाही."

"तुला शीतघरातलं ओ का ठो कळत नाही, म्हणून तर तुझी प्रथिनं नेहमी..."

"माझी प्रथिनं काढू नका!"

संचालकांनी सभा संपल्याचं जाहीर केलं. खुर्च्या सरकल्या, लोक उठले, दिवे एकेक करून मालवले. दोघी मात्र फळ्याशी उभ्या होत्या. धाकटीनं खडूनं शीतघराचा आराखडा काढला होता, आणि थोरली तिच्या हातातला खडू ओढून घेऊन दार कुठल्या बाजूला उघडतं ते तिला दाखवत होती.